फुकट खेळता येते, मग पाकिटाला पैसे कशाला?

मुलगा संगणकावर ‘मॅजिक: द गॅदरिंग अरीना’ खेळत असेल, तर अम्मी-अब्बांनी एकदा शेजारी बसून हिशेब पाहावा. रिचर्ड गारफिल्ड यांचा हा पत्त्यांचा खेळ १९९३ साली अमेरिकेत निघाला. अरीना हे त्याचे ऑनलाइन रूप. खेळायला पैसे लागत नाहीत. पैसे खातात ती पत्त्यांची पाकिटे, आणि आत काय निघेल ते आधी कळत नाही. आमची हरकत इथेच आहे. बेल्जियमच्या जुगार आयोगाने २०१८ साली काही खेळांतल्या अशा विकतच्या पेट्या जुगारात धरल्या. शिवाय कागदी पत्ता विकता येतो, दोस्ताशी बदलता येतो, अरीनातला नाही. गेलेला रुपया गेलाच.

बिनपैशाचा रस्ता आहे, फक्त सबुरी हवी. रोज एक कामगिरी मिळते. ती पुरी केली की खेळातले ५०० किंवा ७५० सोने. १००० सोन्याला एक पाकीट. ५०० ची आली तर दिवसातून एकदा बदलून पाहावी. कामगिऱ्या तीनपर्यंत साठतात, म्हणून रोज बसायलाच हवे असे नाही. परीक्षेच्या दिवसांत हे आम्ही मुलांना आवर्जून सांगतो.

पाकिटांतून ‘वाइल्डकार्ड’ मिळतात. त्यांच्या बदल्यात त्याच दर्जाचा हवा तो पत्ता घेता येतो. खरी दौलत हीच! मुले ती चार संचांत उधळतात आणि एकही संच पुरा होत नाही. ६० पत्त्यांचा एकच संच धरावा, तोही एकरंगी. दोन रंग आले की जमिनीचे दुर्मिळ पत्ते लागतात. एका रंगाला साधी जमीन पुरते, आणि ती फुकट असते.