रेघेला माप हवं

भोसरीच्या आमच्या भागात घरटी एक माणूस तरी वर्कशॉपमध्ये कामाला आहे. कुणी लेथवर, कुणी ड्रिलिंगवर, कुणी सीएनसीवर. ड्रॉइंगचा कागद या पुरुषांच्या हातात रोज असतो. त्यांच्या मुलींना मात्र ‘ड्रॉइंग’ म्हटलं की निसर्गचित्र आणि एलिमेंटरी-इंटरमिजिएटची परीक्षा, एवढंच ठाऊक. म्हणून इथल्या एका शाळेत नववीला कॅड शिकवायला लागले, तेव्हा मंडळाच्या कामातून वेळ काढून मी मुलींबरोबर जाऊन बसू लागले.

कॅड म्हणजे कॉम्प्युटरवर मापासकट केलेली आकृती. ऑटोकॅड १९८२ साली आलं आणि हळूहळू ड्रॉइंग बोर्ड नि टी-स्क्वेअर अडगळीत गेले. शाळेला मात्र महागडं सॉफ्टवेअर लागत नाही. टिंकरकॅड इंटरनेटवर फुकट आहे. त्यात ठोकळे जोडायचे, नको तो भाग वजा करायचा. भोक पाडायचं तर ठोकळ्यातून नळकांडं वजा! ते जमलं की फ्रीकॅड. तेही फुकट. २०१६ साली सुरू झालेल्या अटल टिंकरिंग लॅब योजनेतून बऱ्याच शाळांना २० लाखांपर्यंत अनुदान मिळालं, थ्री-डी प्रिंटर आले.

पण यंत्र आलं म्हणून ते मुलीच्या हातात येतं का? एका कॉम्प्युटरवर तिघं. माऊस कायम मुलाकडे, मुली मागे उभ्या राहून “असं कर, तसं कर” सांगणार. वहीत उतरवून घेण्याचं काम अर्थातच त्यांचं. दोन तास हे बघून मी सरांशी बोलले. त्यांनी लगेच नियम केला, दर दहा मिनिटांनी माऊस दुसऱ्याकडे. पहिल्या दिवशी कुरकुर झाली, नंतर कुणाला त्याचं काही वाटेना.

फ्रीकॅडमधली एक गोष्ट मला फार आवडली. नुसती रेघ काढली तर ती कच्ची. माऊसनं ओढली की सरकते. तिची लांबी, कोन, जागा, सगळं सांगून झालं की अख्खी आकृती हिरवी होते, मग हलत नाही. अंदाजपंचे चालतच नाही. आणि मापाचं म्हणाल तर ते आपल्या घरात कमी का आहे? छातीच्या मापाचा चौथा भाग, वर लूज, मग शिलाईची जागा असा ब्लाउज बेतणाऱ्या बायका या वस्तीत गल्लोगल्ली आहेत. त्याला कुणी इंजिनिअरिंग म्हणत नाही, एवढंच.

एका मुलीनं घरच्या कपाटाची तुटलेली मूठ बनवायला घेतली. स्क्रू ५ मिलिमीटरचा, म्हणून भोकही ५ चं. प्रिंटरनं ०.२ मिलिमीटरचे थर एकावर एक चढवत मूठ तयार केली, पण स्क्रू आत जाईना. प्रिंटमध्ये भोक जरा लहानच येतं. तिची आई म्हणाली, “अगं, लूज नको का सोडायला?” दुसऱ्या वेळी ५.४ धरलं, बसली मूठ. मग तिनं स्वयंपाकघर मोजायला घेतलं. ओटा निघाला ३४ इंच, आईची उंची ४ फूट १० इंच. ओटा बांधताना आईला कुणी विचारलंच नव्हतं म्हणे. तुमच्याकडे विचारलं होतं?

वडिलांना हे सगळं पोरखेळ वाटायचं. “मुलीच्या जातीला मशिनचं काय?” हे त्यांनी मलाही ऐकवलंय. एका रविवारी तिनं मुठीच्या ड्रॉइंगची प्रिंट त्यांच्यासमोर ठेवली. समोरून, वरून, बाजूनं. ते बराच वेळ बघत राहिले. मग बोट ठेवून म्हणाले, “भोक किती खोल, ते कुठं लिहिलंस? कारागिरानं काय करायचं?” ती उठली आणि पेन घेऊन आली. बापलेक तासभर त्या कागदावर वाकून बसले होते, असं तिच्या आईनं सांगितलं.

आयटीआयला ड्राफ्ट्समन सिव्हिल हा दोन वर्षांचा ट्रेड आहे, दहावीनंतर घेता येतो. मुलीला तोच हवाय. वडील अजून “दहावी होऊ दे, मग बघू” म्हणतात. आमच्याकडे ‘मग बघू’मध्ये एखादं स्थळही येऊन जातं. आईनं मला बजावलंय, “ताई, निकालाच्या दिवशी तुम्ही घरी या.” मी जाणार आहे.