विलंबाचा हिशेब

सिकलसेलच्या रुग्णाला डॉक्टर पहिल्याच भेटीत सांगतात : पाणी भरपूर प्या, ताप अंगावर काढू नका. विदर्भात आणि नंदुरबारच्या अक्कलकुवा-धडगाव पट्ट्यात कितीतरी घरांनी हे ऐकलेलं असतं. गोळ्या हातात पडल्या की ते मागे पडतं. तसं होऊ नये, कारण या आजाराचं जवळजवळ सगळं रसायनशास्त्र त्या साध्या सांगण्यात आहे.

हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत 146 अमिनो आम्लं असतात. सिकलमध्ये त्यांतलं फक्त सहावं बदलतं. ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलिन येतं, हे व्हर्नन इंग्रॅम यांनी केंब्रिजमध्ये 1956-57 साली दाखवलं. व्हॅलिन पाण्यापासून अंग चोरतं. हिमोग्लोबिननं प्राणवायू सोडला की त्याचा आकार थोडा बदलतो आणि एका रेणूचं व्हॅलिन शेजारच्या रेणूच्या खोबणीत नेमकं बसतं. रेणूला रेणू लागून सर तयार होतात. असे 14 सर पिळले जाऊन साधारण 21 नॅनोमीटर जाडीचा धागा होतो. हाच तो पॉलिमर. धागे वाढले की तांबडी पेशी ताठरते, वाकडी होते, बारीक वाहिनीत अडकते आणि कळा उठतात.

पण हे तत्क्षणी होत नाही, आणि रुग्ण तगतो तो त्यामुळेच. सुरुवातीला एकत्र आलेले रेणू पुन्हा पुन्हा सुटतात. ठरावीक आकाराची गाठ जमली तरच पुढची वाढ सुसाट होते. त्यानंतर तयार धाग्याच्या अंगावरच नव्या गाठी धरू लागतात. म्हणून बराच वेळ काहीच घडत नाही आणि मग एकदम सगळं घडतं. फेरोन, हॉफ्रिक्टर आणि ईटन यांनी 1985 साली ही दुहेरी प्रक्रिया मांडली. केशवाहिनीतून जायला पेशीला साधारण एक सेकंद लागतो. धागे वाढण्याआधी ती रुंद शिरेत पोचली, तर त्या फेरीपुरतं निभावलं.

हा विलंब हिमोग्लोबिनच्या संहतीवर विलक्षण अवलंबून असतो. प्रयोगशाळेतल्या द्रावणांत तो संहतीच्या साधारण तिसाव्या घाताच्या व्यस्त प्रमाणात आढळला. म्हणजे संहती पाच टक्क्यांनी वाढली, तर विलंब चौथ्या हिश्शाच्याही खाली येतो. पेशीतलं पाणी थोडं कमी होणं किती महागात पडतं, ते इथे कळतं. उष्णतेनंही धागे लवकर धरतात. बर्फात ठेवलेल्या परीक्षानळीत तर ते विरघळतात. रुग्णाला थंडी मात्र बाधते, कारण थंडीनं रक्तवाहिन्या आकसतात आणि पेशी आत रेंगाळते.

धागे मोडतात ते फुप्फुसात. रेणूंमधले बंध कच्चे असतात. प्राणवायू मिळाला की खोबणीतली पकड सुटते आणि धागा मुख्यतः टोकांकडून सेकंदाच्या अंशात विरघळू लागतो. एखादा तुकडा उरला, तर पुढच्या फेरीत तो विरजणाचं काम करतो : गाठ जमेपर्यंतची सवलतच उरत नाही. वारंवार धागे होण्या-मोडण्यानं पेशीचं आवरणही खराब होतं, पोटॅशियम आणि पाणी बाहेर झिरपतं, संहती आणखी वाढते. 120 दिवस जगणारी पेशी मग 10 ते 20 दिवसांत संपते.

एक साधा आणि एक सिकलचा जनुक असलेल्या, म्हणजे ‘एएस पॅटर्न’च्या, वाहकाच्या पेशीत निम्म्याहून जास्त हिमोग्लोबिन साधं असतं, त्यामुळे एरवी धागे धरण्याआधीच पेशी फुप्फुसात परततात. गर्भातलं हिमोग्लोबिनही धाग्यात शिरत नाही. नवजात बाळांना त्याचं संरक्षण मिळत असावं, असं जॅनेट वॉटसन यांनी 1948 सालीच सुचवलं होतं. हायड्रॉक्सीयुरिया हेच हिमोग्लोबिन वाढवतं आणि पेशी फुगवून संहतीही उतरवतं. कळा थांबल्या म्हणून ही गोळी मनानं बंद करणं घातक आहे. कळा थांबल्या आहेत त्या बऱ्याचदा गोळीमुळेच.

या आजारात मूत्रपिंडाची पाणी राखायची ताकदही कमी होते. शरीर कोरडं पडत असतानाही लघवी होतच राहते. आश्रमशाळेत सिकलचं मूल तासाला उठून बाहेर जाऊ मागतं, ते टाळाटाळ म्हणून नव्हे. त्याला जाऊ द्यावं, आणि पाण्याची बाटली बाकावर ठेवू द्यावी. चैत्र-वैशाखात तर न मागता भरून द्यावी.