पाकिटावरचे नाव खरे कशावरून?

समजा, तुमच्या शाळेच्या नावाने एक ई-मेल आला : 'परीक्षा शुल्काची मुदत आज संपते. ताबडतोब पैसे भरा.' प्रेषकाच्या जागी शाळेचाच पत्ता आहे. विश्वास ठेवावा काय?

उत्तरापूर्वी टपालाचा विचार करू. पाकिटावर 'प्रेषक' म्हणून आपण जे नाव घालू, ते खरे की खोटे हे पोस्टमन पाहत नाही. त्याचे काम पत्र पोहोचविण्याचे. ई-मेलचेही तसेच आहे. जॉन पोस्टेल ह्यांनी १९८२ साली सिद्ध केलेल्या एसएमटीपी ह्या नियमावलीनुसार एक सर्व्हर दुसऱ्याकडे पत्र सोपवितो. त्या काळी जाळे लहान होते. पाठविणाऱ्याची ओळख पटविण्याची तरतूद नियमांत नव्हती. शिवाय ई-मेलवर प्रेषकाचे नाव दोनदा येते : एकदा 'पाकिटावर', जे सर्व्हर पाहतात, आणि एकदा आतल्या कागदाच्या मथळ्यावर, जे आपण वाचतो. ही दोन नावे निरनिराळी असली तरी पत्र पोहोचते. तोतयाचे फावते ते येथेच.

ह्यावर तीन उपाय निघाले.

पहिला उपाय एसपीएफ. तो २००६ साली प्रसिद्ध झाला. इंटरनेटवर प्रत्येक डोमेनची माहिती देणारी एक जाहीर नोंदवही असते, तिला डीएनएस म्हणतात. डोमेनचा मालक तीत लिहून ठेवतो : 'आमच्या नावाची पत्रे अमुक क्रमांकांच्या यंत्रांकडूनच येतील.' पत्र घेणारा सर्व्हर समोरच्या यंत्राचा क्रमांक ह्या यादीशी ताडून पाहतो. तोतयाने क्रमांकच खोटा सांगितला तर? दोन सर्व्हरांचे संभाषण दुतर्फा असते. क्रमांक खोटा असेल तर उत्तरे भलतीकडेच जातील आणि संभाषण तेथेच तुटेल.

परंतु हा उपाय अपुरा आहे. वेब होस्टिंगमध्ये शेकडो संकेतस्थळे एकाच यंत्रावर नांदतात. एका चाळीतील सर्व बिऱ्हाडांचा पत्ता एकच, तसा त्या सर्वांचा क्रमांक एकच! होस्टिंगवाल्याने बंदोबस्त केला नसेल, तर एक भाडेकरू शेजाऱ्याच्या नावाने पत्र धाडू शकतो. शिवाय एसपीएफ पाहते ते पाकिटावरचे नाव, मथळ्यावरचे नव्हे.

दुसरा उपाय डीकेआयएम, म्हणजे डिजिटल सही. ही पद्धत २००७ साली प्रमाणित झाली. पाठविणारा सर्व्हर पत्राच्या मजकुरावरून गणिताने एक छोटा ठसा काढतो आणि गुप्त किल्लीने त्यावर सही करतो. तिची जोडीदार असलेली जाहीर किल्ली डीएनएसमध्ये टांगलेली असते. तिने कोणीही सही पडताळावी. वाटेत रकमेतला एक आकडा बदलला तरी सही जुळत नाही.

जाहीर किल्लीवरून गुप्त किल्ली का काढता येत नाही? ५३ आणि ६१ ह्यांचा गुणाकार करा. उत्तर ३२३३, क्षणाचे काम. आता मित्राला नुसता ३२३३ द्या आणि त्याचे मूळ अवयव शोधायला सांगा. त्याला बराच वेळ लागेल. रिव्हेस्ट, शमीर आणि एडलमन ह्यांनी १९७७ साली ह्याच अडचणीतून सहीची पद्धत घडविली. मात्र संख्या पुरेशी मोठी हवी. झॅकरी हॅरिस ह्या अमेरिकी गणितज्ञाला असे आढळले की गूगलची सही ५१२ बिटांच्या, म्हणजे सुमारे १५५ अंकी संख्येवर उभी आहे. भाड्याच्या संगणकांवर सुमारे तीन दिवसांत आणि पाऊणशे डॉलरांत असे अवयव निघत होते. त्याने ते काढले आणि गूगलच्या एका संस्थापकाच्या नावाने दुसऱ्याला पत्र धाडले! दोन दिवसांत गूगलने २०४८ बिटांची किल्ली बसविली. ही हकीकत २०१२ साली प्रसिद्ध झाली.

तिसरा उपाय डीमार्क, २०१२ साली जाहीर झालेला. तो पहिल्या दोहोंची सांगड घालतो. मथळ्यावर, म्हणजे आपल्याला दिसते तेच डोमेन एसपीएफने किंवा सहीने सिद्ध झाले पाहिजे. झाले नाही तर काय करावे हेही मालक लिहून ठेवतो : नुसती नोंद घ्या, संशयितांत टाका, किंवा परत फिरवा. फेब्रुवारी २०२४ पासून गूगल आणि याहू ह्यांनी मोठ्या संख्येने पत्रे धाडणाऱ्यांना हे तिन्ही उपाय सक्तीचे केले आहेत.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. संगणकावर जीमेल उघडून 'मूळ संदेश दाखवा' हा पर्याय निवडा. एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क ह्यांचे निकाल समोर येतील. डीमार्क नापास असेल, तर पैसे भरण्यापूर्वी शाळेत विचारून यावे. पास असेल, तरी डोमेनचे एकेक अक्षर वाचावे. शाळेच्या नावात एक अक्षर बदलून कोणीही नवे डोमेन विकत घेऊ शकतो आणि त्यावर अगदी रीतसर सही करू शकतो! सही खरी म्हणजे सही करणारा सज्जन, असे गणित सांगत नाही.

शिक्षकांनीही एक गोष्ट करावी. शाळेचे स्वतःचे डोमेन असेल, तर ह्या तीन नोंदी झाल्या आहेत काय, हे होस्टिंगवाल्याला विचारावे. डीमार्क प्रथम 'नुसती नोंद घ्या' असे ठेवावे, येणारे अहवाल पाहून शाळेची खरी पत्रे कोठून निघतात हे ठरवावे, आणि मगच 'परत फिरवा' म्हणावे. ह्या नोंदी नसतील, तर शाळेच्या नावाने आलेले खोटे पत्र पालकांच्या पेटीत बिनबोभाट जाऊन पडू शकते.