मेपलच्या रसनळ्यांना निर्वात पंपाची जोड

उसाचा रस काहिलीत कढवून गूळ तयार करणे आपल्या शेतकऱ्यास नवीन नाही. परंतु झाडाच्या खोडातून पाझरणारा रस आटवून काकवीसारखा पाक करणारे शेतकरीही जगात आहेत. अमेरिकेतील व्हरमॉन्ट, न्यूयॉर्क इत्यादी राज्यांत आणि कॅनडाच्या क्वेबेक प्रांतात शुगर मेपल नावाचा वृक्ष विपुल आढळतो. हिवाळा सरत असता, साधारणतः फेब्रुवारी ते एप्रिल या काळात, चार ते सहा आठवडे या वृक्षाचा रस मिळतो. तेवढ्या अवधीत जो रस हाती येईल तेच वर्षाचे उत्पन्न. हे उत्पन्न वाढविण्यासाठी तेथील लहान शेतकरी आपल्या रसनळ्यांना निर्वात पंप जोडू लागला आहे. त्यामागील तत्त्व आपल्या विहिरीवरील पंपाशी जुळणारे असल्यामुळे ही माहिती येथे देत आहोत.

रस का वाहतो?

रात्री पाणी गोठण्याइतकी थंडी आणि दिवसा ऊन, असे हवामान या झाडास लागते. रात्री खोडातील रस गोठतो व झाड मुळांवाटे पाणी ओढून घेते. दिवसा बर्फ वितळताच खोडातील दाब बाहेरील हवेच्या दाबाहून अधिक होतो. अशा वेळी खोडास सुमारे 8 मिलिमीटर व्यासाचे व 4 ते 5 सेंटिमीटर खोल छिद्र पाडून तोटी बसविली, तर रस आपोआप वाहू लागतो. पूर्वी तोटीखाली बादली टांगत. 1950 नंतरच्या दशकात प्लॅस्टिकच्या नळ्या आल्या आणि सर्व झाडांचा रस उतारावरून एका टाकीत आणण्याची सोय झाली.

निर्वाताने काय साधते?

पंप झाडातील रस बळजबरीने ओढून काढतो, अशी समजूत होणे साहजिक आहे. वस्तुतः पंप फक्त नळीतील हवेचा दाब कमी करतो. आतील व बाहेरील दाबांतील अंतर वाढल्यामुळे रस जोराने वाहतो आणि झाडातील दाब मंद असलेल्या दिवशीही थांबत नाही. व्हरमॉन्ट विद्यापीठाचे प्रॉक्टर मेपल संशोधन केंद्र 1946 मध्ये स्थापन झाले. तेथील प्रयोगांवरून असे दिसून आले आहे की, निर्वातात पाऱ्याच्या एका इंचाची वाढ केली असता रसाचे उत्पादन सुमारे 5 ते 7 टक्क्यांनी वाढते. त्यामुळे रसातील साखरेचे प्रमाण मात्र घटत नाही.

लहान बागेसाठी साधने

शे-दीडशे झाडांच्या बागेस लहान पडदा-पंप पुरेसा होतो. हा पंप रस व हवा दोन्ही एकत्र ओढतो. म्हणून रस वेगळा करण्यासाठी निराळे पात्र लागत नाही. मोठ्या बागांत तेलावर किंवा पाण्यावर चालणारे पंप बसवितात. जुन्या दूध काढण्याच्या यंत्रांचे पंपही अनेकांनी या कामी वापरले आहेत. अशा पंपांत रस शिरू नये म्हणून निर्वात न मोडता रस बाहेर सोडणारे पात्र मध्ये बसवावे लागते.

डोंगरउतारावरील बागेस पंपावाचूनही निर्वात मिळू शकतो. सुमारे 5 मिलिमीटर व्यासाची बारीक नळी रसाने भरून राहते आणि त्या रसस्तंभाच्या वजनाने वरील भागात निर्वात उत्पन्न होतो. शेवटच्या झाडाखाली सुमारे 10 मीटर उतार असल्यास निर्वात जवळजवळ पूर्ण मिळतो. विहिरीवरील पंप ज्या मर्यादेपलीकडे पाणी शोषू शकत नाही, तीच ही मर्यादा होय. बारीक नळीत शेवाळासारखा चिकट थर साचून ती तुंबते, हा या पद्धतीतील दोष आहे. म्हणून दर हंगामास नळ्या काळजीपूर्वक स्वच्छ कराव्या लागतात.

गळती हा खरा शत्रू

शोषनळीने हवा धरली की इंजिन कितीही अश्वशक्तीचे असले तरी पाणी चढत नाही, हा अनुभव आपल्या प्रत्येक बागाईतदारास आहे. मेपलच्या बागेतही तेच घडते. तेथे प्रत्येक तोटी हा एक सांधा आणि प्रत्येक सांधा ही गळतीची जागा. त्यात खारी नळ्या कुरतडतात. लहान पंपाची हवा ओढण्याची शक्ती बेताचीच असल्याने दोन-चार छिद्रेदेखील सर्व निर्वात खाऊन टाकतात.

याकरिता एक मापक पंपाजवळ व दुसरा नळीच्या दूरच्या टोकाशी ठेवावा. दोन्ही आकड्यांत फार अंतर दिसल्यास मधल्या भागात गळती आहे किंवा नळी तुंबली आहे, असे समजावे. मग नळीच्या कडेने चालत जावे. रसाबरोबर थोडे बुडबुडे संथपणे येणे स्वाभाविक आहे; ते वेगाने धावत असतील तर वरच्या अंगास शोध घ्यावा. शांत वेळी गळतीचा सूं असा आवाजही ऐकू येतो. नळ्या ताणून बांधाव्यात व त्यांस सलग उतार द्यावा. झोळ पडलेल्या नळीत रस साचून राहतो.

पंप अवेळी बंद पडल्यास नळीतील रस झाडाकडे परत शोषला जातो. त्याबरोबर जंतू छिद्रात शिरतात आणि छिद्र हंगाम संपण्यापूर्वीच आटते. यास्तव दरवर्षी नव्या तोट्या लावतात, अथवा रस मागे जाऊ न देणारी झडप असलेली तोटी वापरतात. आपला फूट-व्हॉल्व्ह हेच काम करतो. बर्फ पडण्याच्या रात्री पंपात रस राहिला तर तो गोठून पडदा फाटतो. म्हणून पंप रिकामा करून आडोशास ठेवणे अगत्याचे असते.

पंप घेण्यापूर्वीचा हिशेब

रसात साखर जेमतेम 2 टक्के असते. 86 या आकड्यास साखरेच्या टक्क्यांनी भागले असता एक लिटर पाकास किती लिटर रस लागेल ते कळते. 2 टक्के साखरेस हा आकडा 43 येतो. 100 तोट्यांपासून प्रत्येकी 40 लिटर रस मिळाला तर 4,000 लिटर रसाचा सुमारे 93 लिटर पाक होईल. 15 इंच निर्वात राखून दर इंचास 5 टक्के वाढ धरली, तर रस 7,000 लिटर व पाक सुमारे 163 लिटर होईल. पाकात 70 लिटरांची भर पडली खरी, परंतु सुमारे 2,900 लिटर जादा पाणी आटवावे लागेल! तेवढे सरपण, तेवढी मोठी काहील आणि रात्री जागणारी माणसे घरात आहेत काय, हा विचार प्रथम करावा. नीरेप्रमाणे हा रसही उबेत लवकर बिघडतो. साठवून ठेवलेला रस म्हणजे वाढलेले उत्पन्न नव्हे.

झाडाचाही विचार हवा. खोडाचा व्यास 25 सेंटिमीटरांहून कमी असल्यास छिद्र पाडू नये, आणि दरवर्षीचे छिद्र जुन्या जखमेपासून दूर घ्यावे.

मेपल वृक्ष आपल्या उष्ण हवामानात रस देणार नाही. तरी त्या बागेतील धडा आपल्या मळ्यातही खरा आहे. पाणी कमी पडते म्हणून मोठ्या पंपासाठी कर्जाचा अर्ज घेऊन शेतकरी आला, तर ग्रामसेवकाने प्रथम त्याच्याबरोबर विहिरीवर जावे व शोषनळीचे सांधे, फूट-व्हॉल्व्ह आणि पाटाची गळती पाहावी. पुष्कळदा हवे असलेले पाणी तेथेच सापडते, आणि कर्जाचा बोजा टळतो.