फोटो गेले, की फक्त पत्ता चुकला?

केळापूर तालुक्यातल्या टिपेश्वर अभयारण्यासारख्या ठिकाणी वाघ ओळखायचे, तर मोठी भिस्त कॅमेरा ट्रॅपच्या फोटोंवर असते. प्रत्येक वाघाचे पट्टे वेगळे. एकाच वाघाच्या डाव्या आणि उजव्या बाजूचे पट्टेही सारखे नसतात. त्यामुळे एक फोटो गेला की एक नोंद गेली. तो क्षण पुन्हा मिळत नाही.

समजा, असे हजारो फोटो तुम्ही लाइटरूम क्लासिकमध्ये लावले आणि एके दिवशी फोल्डरवर प्रश्नचिन्ह, फोटोवर उद्गारचिन्ह दिसलं. फोटो गेले का? बहुतेक वेळा नाही.

लाइटरूम क्लासिक फोटो स्वतःच्या पोटात ठेवत नाही. त्याचा कॅटलॉग म्हणजे ग्रंथालयातल्या कार्डांचा खण. फोटो कुठल्या डिस्कवर, कुठल्या फोल्डरमध्ये आहे, त्यावर काय संस्करण केलं, कोणते शब्द जोडले, एवढंच तिथे असतं. पुस्तक दुसऱ्या कपाटात हलवलं की कार्डावरचा पत्ता चुकतो, तसंच हे. तुम्ही विंडोजमध्ये फोल्डरचं नाव बदललंत, किंवा बाहेरच्या हार्ड डिस्कला आज 'ई'ऐवजी 'एफ' अक्षर मिळालं, तरी एवढं पुरतं.

मग करायचं काय?

१. आधी डिस्क जोडलेली आहे का ते बघा. मग फाइलच्या नावाने संगणकावर शोधा.
२. प्रश्नचिन्ह असलेल्या फोल्डरवर राइट क्लिक करून 'फाइंड मिसिंग फोल्डर' निवडा आणि नवी जागा दाखवा. एकच फोटो असेल तर उद्गारचिन्हावर क्लिक करून 'लोकेट' करा.
३. फोटो पुन्हा इम्पोर्ट करू नका. तुमचे शब्द आणि संस्करण जुन्या नोंदीलाच चिकटलेलं असतं.
४. 'सिंक्रोनाइझ फोल्डर' करताना हरवलेले फोटो कॅटलॉगमधून काढण्याचा पर्याय असतो. त्यावर खूण असेल तर आधी ती काढा.

सिंकची गोष्ट मात्र वेगळी. पाऊलखुणांचे फोटो मोबाइलवरच्या लाइटरूममध्ये काढले आणि रेंज नसली, तर ते फक्त त्या फोनमध्येच असतात. ऑगस्ट २०२० मध्ये आयफोन-आयपॅडसाठीच्या लाइटरूमच्या ५.४.० या अपडेटने क्लाउडवर न चढलेले फोटो पुसले गेले. ते परत आणता येणार नाहीत, असं खुद्द अॅडोबीने सांगितलं. म्हणून सिंक पूर्ण होईपर्यंत ॲप काढू नका, अपडेटही थांबवा. आणि क्लासिकमधून क्लाउडवर मूळ फाइल जात नाही, फक्त लहान 'स्मार्ट प्रिव्ह्यू' जातो. सिंक म्हणजे बॅकअप नव्हे: इकडे पुसलं की तिकडेही पुसलं जातं.

शेवटची सवय नावाची. कॅमेऱ्याचा चार आकडी क्रमांक ९९९९ नंतर पुन्हा सुरू होतो, आणि दहा ट्रॅपमध्ये '०००१' नावाचे दहा फोटो सापडतात. म्हणून उतरवतानाच नावात ट्रॅपचा क्रमांक आणि तारीख घाला. फोटोंची संख्या जुळवा, दोन डिस्कवर प्रती ठेवा, मगच कार्ड पुसा. कॅटलॉगचाही वेगळा बॅकअप घ्या. पत्ता चुकला तर शोधता येतो, पण प्रतच नसेल तर शोधणार काय?