परतीची वाट

१९ जुलै २०२४ या दिवशी जगातील अनेक विमानतळांवर, रुग्णालयांत व कचेऱ्यांत एकाएकी कामकाज थांबले. संगणकांच्या रक्षणासाठी बसविलेल्या एका आज्ञावलीत त्या दिवशी सुधारणा पाठविण्यात आली होती आणि तिच्यात दोष राहून गेला होता. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणे विंडोजवर चालणारे सुमारे ८५ लाख संगणक बंद पडले. भारतातही काही विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. दोष लवकरच सापडला. परंतु जो संगणक सुरूच होत नाही, त्याच्यापर्यंत दुरुस्ती पोचावी कशी? पुष्कळ ठिकाणी माणसांना एकेका संगणकापाशी जाऊन ती करावी लागली.

असे संकट येते म्हणून सुधारणाच करू नये, असे मात्र म्हणता येत नाही. संगणकाचा सारा कारभार ऑपरेटिंग सिस्टीम ही मूळ आज्ञावली पाहते. कळफलकावरील अक्षर पडद्यावर उमटविणे, फाइल जपून ठेवणे, निरनिराळ्या भागांना कामे वाटून देणे, हे सर्व तिचेच काम. तिच्यात कालांतराने उणिवा आढळतात. त्यांतून शत्रूला आत शिरण्यास फट मिळते. म्हणून तिची नवी आवृत्ती बसवावी लागते. पण नवी आवृत्ती जुनीच्या जागी बसविली आणि ती चालली नाही, तर जुनी गेलेली असते व नवी निरुपयोगी ठरलेली असते.

यावर उपाय असा की, जुनी आवृत्ती न मोडता तिच्या शेजारी नवी उभी करावी. संगणक जिच्यावरून सुरू होऊ शकतो, अशा ऑपरेटिंग सिस्टीमच्या प्रत्येक संपूर्ण प्रतीला 'बूट एन्व्हायर्नमेंट' म्हणतात. एका संगणकावर अशा अनेक प्रती नांदू शकतात. मात्र प्रत्येक प्रतीसाठी डिस्कवर वेगळी जागा राखून ठेवणे पूर्वी खर्चाचे होते.

ही अडचण 'झेडएफएस' या साठवण-पद्धतीने दूर केली. अमेरिकेतील सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीत जेफ बॉनविक, मॅथ्यू अहरेन्स व त्यांचे सहकारी यांनी ती घडविली आणि २००५ मध्ये ती सोलारिस या ऑपरेटिंग सिस्टीममध्ये आली. दक्ष कारकून वहीतील जुनी नोंद खोडत नाही, नवी नोंद पुढच्या कोऱ्या पानावर लिहितो. झेडएफएसची रीत तशीच आहे. बदललेली माहिती ती नव्या जागी लिहिते. त्यामुळे नवी प्रत काढली, तरी आरंभी तिला जवळजवळ जागाच लागत नाही. न बदललेला भाग दोन्ही प्रतींना सामाईक असतो. जो भाग बदलेल, तेवढ्यालाच नवी जागा लागते.

फ्रीबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टीममध्येही झेडएफएस वापरता येते. डिसेंबर २०१८ मधील तिच्या १२.० या आवृत्तीपासून अशा प्रती सांभाळण्यासाठी 'बीईसीटीएल' हे साधन तिच्यासोबतच मिळू लागले. प्रथम चालू व्यवस्थेची प्रत काढावयाची. सुधारणा त्या प्रतीवर करावयाची. मग संगणक तिच्यावरून सुरू करून छपाई, जाळ्याची जोडणी, नेहमीची कामे तपासावयाची. नवी प्रत केवळ पुढच्या एका खेपेपुरती निवडण्याचीही सोय आहे. ती चालली नाही, तर संगणक पुन्हा सुरू करताच जुनी व्यवस्था हजर होते. एरवीही प्रारंभीच्या यादीतून जुनी प्रत निवडता येते. लोकांचे लेख व चित्रे सामान्यतः या प्रतींपासून अलग ठेवलेली असतात. त्यामुळे मागे परतल्याने ती नाहीशी होत नाहीत.

तथापि ही सोय सावधपणे वापरली पाहिजे. नवी आवृत्ती बसविल्यावर झेडएफएसच्या साठ्यालाही नवे रूप देता येते. एकदा ते दिले की पूर्वीचे रूप परत आणता येत नाही, आणि जुन्या आवृत्तीला तो साठा कदाचित वाचताही येणार नाही. मग यादीत जुनीचे नाव दिसते, पण ती सुरू होत नाही. यासाठी जाणते व्यवस्थापक नवीची पूर्ण पारख होईपर्यंत साठ्याला हात लावीत नाहीत. तसेच सर्व प्रती एकाच डिस्कवर असल्या, तर ती डिस्क नादुरुस्त होताच त्या एकदम जातात. म्हणून महत्त्वाच्या माहितीची प्रत अन्यत्र ठेवणे आवश्यकच राहते.

जुनी व्यवस्था नुसती ठेवून भागत नाही. ती गरजेच्या वेळी चालली पाहिजे. म्हणूनच दक्ष व्यवस्थापक नवीप्रमाणे जुनीही एकदा सुरू करून पाहतो. परतीची वाट मोकळी आहे, अशी खात्री झाली, म्हणजे नव्या वाटेची परीक्षा त्याला निर्धास्तपणे घेता येते.