घर घेण्यापूर्वीं पतअहवालाची तपासणी

पूर्वीं गांवांत कोणाची पत किती, हें सावकाराच्या चोपडीवरून आणि चार माणसांच्या बोलण्यावरून ठरे. घेणारा व देणारा एकमेकांस ओळखत. चोपडींत चूक झाली तर समोरासमोर बसून ती मिटवितां येई. आतां कर्ज देणारी बँक अर्जदारास बहुधा ओळखत नाहीं. ती पतमाहिती ठेवणाऱ्या कंपनीकडे विचारणा करते, आणि तेथून येणाऱ्या अहवालावर एका कुटुंबाच्या घराचें भवितव्य बरेंचसें अवलंबून राहतें. नवल हें कीं, ही चोपडी ज्याच्या नांवाची, त्यानेंच ती कित्येकदां उघडूनही पाहिलेली नसते.

भारतांत अशी पहिली कंपनी २००० सालीं स्थापन झाली. तिचें ‘सिबिल’ हें नांव आतां घरोघरीं माहीत आहे. २००५ सालीं यासंबंधीं स्वतंत्र कायदा झाला. सिबिल, एक्सपीरियन, इक्विफॅक्स व क्रिफ हाय मार्क या चार कंपन्यांना बँका आपल्या कर्जदारांची माहिती पुरवितात. अहवालांत नांव, जन्मतारीख, पॅन क्रमांक व पत्ते असतात. प्रत्येक कर्जाची आणि क्रेडिट कार्डाची मूळ रक्कम, बाकी व थकबाकी असते. हप्ता किती दिवस उशिरां भरला हें महिन्यामहिन्यानें नोंदलेलें असतें. दुसऱ्याच्या कर्जास जामीन राहिलें असल्यास तेंही त्यांत येतें. बँकेंतील ठेवी मात्र त्यांत नसतात. या सर्व नोंदींवरून ३०० ते ९०० पर्यंतचा एक गुणांक काढतात.

चूक कशी नडते, हें एका कल्पित उदाहरणानें स्पष्ट होईल. समजा, ठाण्यांतील एका कारकुनानें साठ लाखांचें जुनें घर ठरविलें, दोन लाख बयाणा दिला आणि उरलेली रक्कम पंचेचाळीस दिवसांत देण्याचें लिहून दिलें. विसाव्या दिवशीं बँकेनें नकार कळविला. कारण काय, तर चार वर्षांपूर्वीं हप्त्यांनीं घेतलेल्या फ्रीजचें कर्ज फिटलें असूनही अहवालांत थकीत दिसत होतें. दुरुस्तीस तीस दिवस लागूं शकतात. हातीं उरले पंचवीस. रक्कम क्षुल्लक, परंतु तिच्यापायीं बयाणा बुडण्याची वेळ आली.

कर्ज नाकारलें गेलें नाहीं, तरी गुणांक कमी असल्यास व्याजाचा दर चढूं शकतो. पन्नास लाखांचें कर्ज वीस वर्षांसाठीं साडेआठ टक्क्यांनीं मिळालें तर मासिक हप्ता सुमारें ४३,४०० रुपये पडतो. नऊ टक्क्यांनीं तोच सुमारें ४५,००० होतो. वीस वर्षांत हा फरक पावणेचार लाखांवर जातो.

म्हणून घर पाहण्यास आरंभ करण्यापूर्वीं निदान तीन-चार महिने अहवाल मागवावा. रिझर्व्ह बँकेच्या नियमानें प्रत्येक कंपनीनें वर्षांतून एकदां पूर्ण अहवाल विनामूल्य द्यावयाचा असतो. चारही अहवाल पाहणें इष्ट. कारण एकींत असलेली चूक दुसरींत नसेल. पति-पत्नी मिळून कर्ज काढणार असल्यास दोघांचेही पाहावेत. स्वतःचा अहवाल स्वतः मागविल्यानें गुणांक घटत नाहीं. थोड्या अवधींत अनेक बँकांकडे अर्ज केल्यानें मात्र तो घटूं शकतो.

वाचतांना चार गोष्टींवर नजर ठेवावी: आपलें नसलेलें कर्ज, फिटूनही चालू दिसणारें खातें, वेळेवर भरूनही उशीर दाखविणारा हप्ता, आणि ‘तडजोडीनें मिटविलें’ असा शेरा. बँकेनें कमी रक्कम घेऊन कर्ज मिटविलें असेल तर हा शेरा खरा असतो. पूर्ण फेड केली असतांना तो पडला असेल तर ती चूक होय.

चूक आढळल्यास त्या कंपनीकडे विनामूल्य तक्रार नोंदवावी. कंपनी स्वतःच्या मतानें नोंद बदलूं शकत नाहीं. ती बँकेस विचारते. म्हणून बँकेसही लेखी कळवावें आणि कर्ज फिटल्याचा दाखला व हप्त्यांच्या पावत्या जोडाव्या. तक्रार तीस दिवसांत निकालांत निघाली नाहीं, तर पुढील प्रत्येक दिवसास शंभर रुपये भरपाई देण्याचा नियम २६ एप्रिल २०२४ पासून अमलांत आला. उत्तर न मिळाल्यास किंवा तें असमाधानकारक वाटल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे दाद मागतां येते.

खरी थकबाकी मात्र कोणासही पुसतां येत नाहीं. पैसे घेऊन ‘अहवाल स्वच्छ करून देतों’ म्हणणाऱ्यांपासून दूर राहावें. खऱ्या चुकीस उपाय एकच: बाकी भरावी, दाखला घ्यावा आणि पुढील हप्ते वेळेवर द्यावे. कालांतरानें गुणांक सुधारतो.

घराचे कागद वकिलाकडून तपासून घेण्याची रीत सुजाण कुटुंबांत आहेच. त्यांबरोबर आपलाही कागद तपासावा. आणि तो बयाणा देण्यापूर्वीं, मागाहून नव्हे.